लॅपटॉप निवडताना आधी फुटेज बघा, ग्राफिक्स कार्ड नंतर

कातरकाम:
'एडिटिंग शिकायचंय तर गेमिंग लॅपटॉप घ्या, कार्ड जेवढं मोठं तेवढं चांगलं, बाकी काही बघू नका' असा सल्ला काल इथे दिला गेला. असल्या सल्ल्यामुळे नवखे लोक भलत्याच ठिकाणी पैसे घालतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

टाइमलाइन अडखळते ती बहुतेकदा डिकोडिंगपायी, म्हणजे आवळलेलं फुटेज उलगडण्यापायी. एच.२६४ आणि एच.२६५ या व्हिडिओ आवळायच्या पद्धतींमध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते, मधल्या फ्रेममध्ये फक्त बदल असतो. प्लेहेड (टाइमलाइनवरची उभी रेघ) मागे ओढलात की सॉफ्टवेअरला आधीची पूर्ण फ्रेम गाठून तिथून पुढचं सगळं उलगडावं लागतं. त्यासाठी चिपवर वेगळा डिकोडर असतो आणि त्याला ठरावीक प्रकारच जमतात. मिररलेस कॅमेऱ्याचं १०-बिट ४:२:२ (रंगाची जास्त माहिती ठेवणारं) एच.२६५ घ्या. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५० मालिकेआधीच्या कार्डांना ते हार्डवेअरवर उलगडता येत नाही. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या इंटिग्रेटेड (प्रोसेसरमधल्याच) ग्राफिक्सला येतं, ॲपलच्या एम१ पासूनच्या चिपना येतं. म्हणजे यातलं काहीच नसेल तर महागडं कार्ड रिकामं बसतं आणि प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जातो.

निळा पडदा:
तो सल्ला माझाच होता आणि मी त्यावर ठाम आहे. तुम्ही फक्त प्लेबॅकचं बोलताय. कलर ग्रेडिंग, नॉइज रिडक्शन, स्टॅबिलायझेशन, मास्क ट्रॅकिंग हे सगळं कार्डावरच चालतं. ४के टाइमलाइनवर दोन-तीन जड इफेक्ट टाकले की ६ जीबी व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) संपते आणि रेंडर मध्येच थांबतो. लॅपटॉपमधली व्हीरॅम नंतर वाढवता येत नाही. ८ जीबी घ्या.

कातरकाम:
रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमधलं नॉइज रिडक्शन पैसे भरून घ्यायच्या आवृत्तीत आहे. नवखा माणूस सुरुवातीला कट, शीर्षकं आणि संगीत एवढंच करतो. आणि कार्डाच्या नावावर भरवसा ठेवू नका. लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०६० हे ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कसंही बसवलेलं असतं. पातळ बॉडीतलं कमी वॉटचं ४०६० जाड बॉडीतल्या पूर्ण वॉटच्या ४०५० पेक्षाही मागे पडू शकतं. चार्जर काढला की दोन्ही मंदावतात.

दुसरा स्लॉट:
कार्डावर एवढं भांडताय, रॅमचं कोणीच बोलत नाही. १६ जीबीच्या खाली जाऊ नका. आणि ती सोल्डर केलेली (बोर्डावर कायमची जोडलेली) आहे की स्लॉटमध्ये, हे विकत घेण्याआधी सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा. ८ जीबीची एकच पट्टी लावून लॅपटॉप विकतात, मग मेमरी सिंगल चॅनलवर चालते आणि बँडविड्थ निम्मी होते. इंटिग्रेटेड ग्राफिक्स तीच मेमरी वापरतं, म्हणून फटका तिथेच बसतो. स्लॉट मोकळा असेल तर नंतर दुसरी पट्टी घालता येते, सोल्डर केलेली असेल तर पूर्ण लॅपटॉप बदला. कंपन्यांनी ही लबाडी थांबवायला हवी.

सावकाश:
प्रॉक्सी हा शब्द अजून कोणी काढलाच नाही, याचं आश्चर्य वाटतं. प्रॉक्सी म्हणजे कापताना मूळ फुटेजऐवजी वापरायची हलकी प्रत. त्या बनवल्या तर पाच वर्षं जुना लॅपटॉपही ४के कापतो. नव्या लॅपटॉपची गरजच अर्धी संपते.

निळा पडदा:
आणि वेळ? हार्ड डिस्क? नवख्याला प्रॉक्सी सांगणं म्हणजे त्याला गोंधळात ढकलणं आहे. मूळ फाइलचं नाव बदललं की दुवा तुटतो. ऑडिओ चॅनलची संख्या जुळली नाही तर प्रीमियर हे एडिटिंग सॉफ्टवेअर प्रॉक्सी जोडूच देत नाही. शेवटी धुरकट प्रॉक्सीच एक्स्पोर्ट होते आणि ते बघायलाही उशीर होतो.

सावकाश:
हे सगळं हाताने, बाहेरच्या कन्व्हर्टरमधून प्रॉक्सी बनवणाऱ्यांचं होतं. पद्धत सांगतो, मग बोला.

प्रॉक्सी सॉफ्टवेअरच्या आतूनच बनवा, म्हणजे नाव, फ्रेम रेट आणि चॅनल आपोआप जुळतात. १०८०पी, फॉरमॅट डीएनएक्सएचआर एलबी किंवा प्रोरेस प्रॉक्सी. ३० फ्रेमला सेकंदाला साधारण ४५ मेगाबिट, म्हणजे तासाला २० जीबी. त्यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, म्हणून मागे-पुढे ओढताना अडखळत नाही. रंगाचं काम करताना प्रॉक्सी बंद करा. एक्स्पोर्टच्या पानावर 'प्रॉक्सी वापरा' ही खूण काढलेली आहे ना, ते बघा. एवढंच आहे. यात गोंधळ कुठे आहे?

निळा पडदा:
मोबाइलच्या फुटेजचं काय? त्याचा फ्रेम रेट स्थिर नसतो, पुढे पुढे आवाज आणि ओठ जुळत नाहीत. तुमच्या प्रॉक्सीने ते सुटत नाही.

सावकाश:
नाही सुटत, बरोबर. म्हणून आधी हँडब्रेक या कन्व्हर्टरमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून फाइल बनवायची आणि मग तिची प्रॉक्सी. पण हा दोष लॅपटॉपचा नाही, सर्वांत मोठ्या कार्डानेही तो जात नाही. त्याचा वापर माझ्याविरुद्ध करू नका.

दुसरा स्लॉट:
जागेचा हिशोब पूर्ण करा. १०० मेगाबिटचं ४के म्हणजे तासाला ४५ जीबी, वर २० ची प्रॉक्सी. ५१२ जीबीचा एसएसडी चार-पाच तासांच्या फुटेजनंतर कॅशे म्हणजे तात्पुरत्या फाइलींसकट गच्च होतो. म्हणून एम.२ चा (आतल्या एसएसडीचा) दुसरा स्लॉट हवाच. बाहेरचा एसएसडी जोडणार असाल तर केबल तपासा. टाइप-सी टोक असूनही आत यूएसबी २ चीच तार असते, मग एसएसडी सेकंदाला ४० एमबीच्या आसपास रखडतो.

तिसरा डोळा:
स्क्रीनकडे बघा हो कोणीतरी! ४५ टक्के एनटीएससी (म्हणजे कमी रंग दाखवणारा) लिहिलेला पॅनल घेऊ नका. त्यावर लाल आणि हिरवा फिका दिसतो, माणूस सॅच्युरेशन वाढवत जातो आणि तोच व्हिडिओ मोबाइलवर बटबटीत दिसतो. शंभर टक्के एसआरजीबी (रंगांचं प्रमाण माप) आणि किमान ३०० निट्स उजेड हवा. कार्डात एक पायरी कमी चालेल, यात नाही.

निळा पडदा:
स्क्रीनचं मान्य. ४:२:२ चंही मान्य करावं लागतंय, ते मी धरलं नव्हतं. पण मोशन ग्राफिक्स शिकणाऱ्याला इंटिग्रेटेडवर ढकलू नका, एवढं मी पुन्हा सांगणार.

कातरकाम:
मोशन ग्राफिक्सवाल्याला कार्ड हवं, तेवढं सोडतो. बाकीच्यांनी स्वतःच्या कॅमेऱ्याची एक क्लिप मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडावी. बिट डेप्थ, क्रोमा सबसॅम्पलिंग आणि फ्रेम रेट मोड या तीन ओळी वाचाव्यात. मग तीच क्लिप दुकानातल्या लॅपटॉपवर आपल्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये चालवावी आणि टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूचा 'व्हिडिओ डिकोड' आलेख हलतो का ते बघावं. तो सपाट आणि प्रोसेसर शंभरावर असेल तर तुमच्या फुटेजसाठी तो लॅपटॉप नाही. एक अपवाद: इंटेल आणि एनव्हिडिया दोन्ही असलेला लॅपटॉप 'फक्त डिस्क्रीट ग्राफिक्स'वर (फक्त वेगळ्या कार्डावर) ठेवलेला असेल, तर अनेक मॉडेलमध्ये इंटेलचा डिकोडर बंद होतो. सेटिंग हायब्रिडवर (दोन्ही चालू) आणा, रीस्टार्ट करा आणि मग पुन्हा तपासा.