मदत हवी आहे: तुमचा मंगळवार कोणत्या रंगाचा?

नमस्कार मंडळी,

ऑफिसात नवीन टीमसमोर स्वतःबद्दलच्या 'कुणाला माहीत नसलेल्या तीन गोष्टी' सांगायच्या आहेत. दोन सापडल्या: मी वरणभात कालवत नाही, शेजारी शेजारी ठेवून खाते, आणि जिना उतरताना पायऱ्या मोजते, अगदी रोजच्यासुद्धा. तिसरी सांगावी की नाही, तिथेच गाडी अडली आहे.

मला अक्षरं आणि आकडे रंगीत दिसतात. म्हणजे छापील काळेच असतात, पण 'क' मनात विटकरी, 'म' दुधाळ, ४ पिवळा. मंगळवार गडद हिरवा. लहानपणी वाटायचं, सगळ्यांचंच असं असतं. याला सिनेस्थेशिया म्हणतात हे तिशीत कळलं. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टनने १८८० च्या सुमारासच अशा लोकांबद्दल लिहून ठेवलंय, आणि भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांना समीकरणांतली अक्षरं रंगीत दिसायची. हे बऱ्याचदा घराण्यात चालत येतं म्हणे.

खरी अडचण पुढेच आहे. परवा सात वर्षांची लेक गृहपाठ करताना म्हणाली, "आई, ४ पिवळा नाही गं, निळा आहे!" आणि चक्क भांडली. आता ही माझी नक्कल, की खरंच तसं? खऱ्या सिनेस्थेशियात रंग सहसा वर्षानुवर्षं तेच राहतात, म्हणून तिची यादी लिहून वहीत लपवली आहे, सहा महिन्यांनी पुन्हा विचारीन. तोवर तिच्यासमोर माझे रंग बोलू की गप्प राहू?

आणखी एक: देवनागरी आणि रोमन, दोन्हींत रंग दिसणारं कुणी आहे का इथे? तुमचा 'क' आणि रोमन 'K' एकाच रंगाचे आहेत का?