मदत हवी आहे: अल्फा चक्क उणे आलाय, परवा प्रबंध द्यायचाय

रात्रपाळी: एम.ए. मानसशास्त्र, शेवटचं सत्र. प्रश्नावलीचा डेटा एसपीएसएस या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये भरला, विश्वासार्हता काढली तर क्रॉनबॅक अल्फा (विधानं एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा) -०.४१! गाईडचा एका ओळीचा मेल, 'डेटा पुन्हा बघा'. काय बघू? सकाळपासून तेच करतेय. प्लीज लवकर सांगा.

चष्मिष्ट: प्रश्नावली कुठली? विधानं किती? माणसं किती?

मोरपीस: म्हणून मी आकड्यांच्या वाटेलाच गेले नाही. आठ मुलाखती, थीमॅटिक ॲनालिसिस म्हणजे बोलण्यातले समान धागे शोधायचे, विषय संपला. माणसाचं मन काय १ ते ४ गुणांमध्ये मावतं?

जुनाजाणता: मोरपीस, तिला परवा द्यायचंय. आठ मुलाखती नुसत्या उतरवून काढायलाच आठवडा जाईल.

रात्रपाळी: रोझेनबर्गची आत्मसन्मानाची, दुसरी कुठली असणार? ११२ जण.

जुनाजाणता: मग उलट गुणांकन राहिलंय. दहापैकी २, ५, ६, ८, ९ ही विधानं स्वतःला नावं ठेवणारी आहेत. तिथे १ चा ४, २ चा ३ करायचा. नाहीतर अर्धी विधानं एकीकडे ओढतात, अर्धी दुसरीकडे, आणि अल्फा शून्याखाली जातो.

रात्रपाळी: एवढं कळतं हो दादा. रिकोड, म्हणजे हे आकडे उलटवणं, पहिल्याच दिवशी केलंय.

ओमेगाप्रेमी: अल्फाचा नाद सोडा. सगळी विधानं सारख्याच वजनाची असतात हे त्याचं गृहीतकच लंगडं आहे. मॅकडोनाल्डचा ओमेगा काढा, तोही विश्वासार्हतेचाच आकडा, पण हे गृहीतक न धरणारा.

जुनाजाणता: ओमेगा काढून उलटी विधानं सुलटी होतात का?

ओमेगाप्रेमी: मी तत्त्वाचं बोलतोय.

नवखा: मध्येच विचारतो, ११२ पुरतात का? आमचे सर ३०० म्हणतात.

चष्मिष्ट: काय तपासताय त्यावर आहे. दोन गोष्टींमधला मध्यम सहसंबंध, म्हणजे ०.३, पकडायचा असेल तर ८०% पॉवर (असलेला संबंध सापडण्याची शक्यता) आणि ०.०५ पातळीला (नसलेला संबंध दिसण्याची शक्यता ५%) ८५ च्या आसपास पुरतात.
रात्रपाळी, रिकोड त्याच व्हेरिएबलवर (रकान्यावर) केलंस की नवीन काढलंस? आणि किती वेळा?

रात्रपाळी: त्याच. एकदाच. म्हणजे... फाईल सेव्ह केली होती, आणि काल सिंटॅक्स (लिहून ठेवलेल्या आज्ञा) पहिल्यापासून परत चालवली.

चष्मिष्ट: झालं! १ चा ४ केलास आणि काल त्या ४ चा परत १. एक कागदी फॉर्म काढ, पाचव्या विधानावरची खूण आणि स्क्रीनवरचा आकडा ताडून बघ.

रात्रपाळी: फॉर्मवर १, स्क्रीनवरही १. देवा.

जुनाजाणता: मूळ फाईल उघड, रिकोड नवीन नावाने कर, जुन्या रकान्यांना हात लावू नकोस.

रात्रपाळी: ०.८०!!! ताई, दादा, पाया पडते. पळते आता, चर्चेचं प्रकरण कोरंच आहे.

नवखा: मग मी ८५ घेतो. मला दोन गटांच्या सरासरीची तुलना करायचीय.

चष्मिष्ट: हे आत्ता सांगताय? मध्यम फरक धरला तर प्रत्येक गटात ६४ लागतात. वेगळा धागा काढा.