तातडीचं: आईचे विमानातले मोजे गुडघ्यामागे रुततायत, उड्डाण गुरुवारी

नमस्कार मंडळी,
गुरुवारी पहाटे आई-बाबा निघतायत, सलग १४ तास. आपल्या गटाच्या प्रवासाच्या यादीतलं बाकी सगळं झालं, अडलंय मोज्यांपाशी, म्हणजे तासन्‌तास बसून पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून घालायच्या, पाय दाबून धरणाऱ्या गुडघ्यापर्यंतच्या मोज्यांपाशी. पाकिटावर बुटाचा नंबर बघून दोघांनाही ‘एम’ घेतले. बाबांना छान बसले. आईला घोट्याशी नीट आहेत, पण अर्ध्या तासात वरची कड गुंडाळली जाते आणि गुडघ्यामागे खोल वळ उठतो. एक नंबर मोठा आणू? की कड खाली दुमडून चालेल? की सरळ साधे मोजे घालू देत?
– मीनल

---

मीनल, दुमडू मात्र नकोस. दुमडलं की तिथे दोन थर होतात आणि सगळ्यात जास्त दाब नेमका वर पडतो. हे मोजे काम करतात ते उलट रीतीने: दाब घोट्याशी जास्त, वर जाताना कमी, म्हणजे रक्त वर ढकललं जातं. वरच आवळलं तर ते खाली अडेल. त्यापेक्षा साधे मोजे परवडले.

बुटाच्या नंबरावर पायाचा पंजा कळतो, पोटरी कळत नाही. उद्या सकाळी आई उठल्या उठल्या, पाय सुजायच्या आत, सेंटिमीटरच्या टेपने तीन मापं घे: घोट्याच्या हाडाच्या जरा वर जिथे पाय सगळ्यात बारीक आहे तिथला घेर, पोटरीचा सगळ्यात जाड घेर, आणि जमिनीपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंतची उंची. संध्याकाळचं माप घेतलंस तर मोजा सैल निघेल. दोन्ही पाय मोज, फरक असतो.

कड गुंडाळते त्याची कारणं बहुतेक दोनच. पोटरी मापाबाहेर असते, किंवा मोजा पायापेक्षा लांब असतो आणि उरलेला भाग वर ओढला जातो. कड गुडघ्याच्या घडीखाली दोन बोटं थांबली पाहिजे. घोटा ‘एम’ आणि पोटरी ‘एल’ निघाली तर नुसता ‘एल’ आणू नकोस, घोट्याशी दाब राहणार नाही. ‘रुंद पोटरी’ असं लिहिलेला ‘एम’ माग. प्रवासी मोज्यांवर १४–१७ किंवा १५–२० एमएमएचजी (हे दाबाचं माप) असं काहीतरी छापलेलं असतं, तेवढं पुरे.

घालताना हात आत घालून टाच पकडायची, टाचेपर्यंत मोजा उलटा करायचा, पाऊल घालून टाच टाचेवर बसवायची, मग तळहातांनी चोळत वर न्यायचा. कड धरून ओढली की वर कापड जमतं आणि पुन्हा तेच. घरूनच घालून निघा, विमानतळावर बसून बसूनच पाय सुजायला लागतात.
– शिल्पाताई

---

सर्वांस,
मोज्यांची नोंद यादीत क्र. ९ वर आहे आणि ती मीच लिहिली होती. शिल्पाचं मापाचं सांगणं योग्य आहे, आजच यादीत घालतो. पण त्याखाली ‘निघण्याआधी एक ॲस्पिरिन’ ही ओळ कोणी घातली? यादीत बदल करायचा तर आधी मला कळवावं, ही विनंती. ज्येष्ठ मंडळी ती यादी छापून घेऊन जातात, चुकीची ओळ तशीच पुढे जाते.

आणि मोज्यांवर एवढी चर्चा चालली आहे, पण सीट कुठली घेतली ते मीनलने लिहिलंच नाही. खिडकीशी बसलेला माणूस शेजाऱ्यांना उठवायच्या संकोचाने उठतच नाही. कडेची सीट घ्या, तीही बल्कहेडची (समोर सीटऐवजी भिंत असलेल्या रांगेतली), पाय मोकळे राहतात.
– वसंतकाका

---

काका, ॲस्पिरिनची ओळ काढाच. केवळ प्रवासातली गुठळी टाळायला ॲस्पिरिन घेऊ नये, असंच मार्गदर्शक सूचना सांगतात. मात्र डॉक्टरांनी रोजची दिलेली असेल तर ती प्रवासासाठी बंदही करायची नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात ४ तासांहून जास्त बसून प्रवास केला की गुठळीचा धोका २ ते ३ पट होतो असं दिसलं. निरोगी माणसात तरीही तो ६,००० त सुमारे एक एवढाच. म्हणजे घाबरायचं कारण नाही, पण हा धोका नंतर साधारण ४ आठवडे राहतो. एकच पोटरी दुखली, सुजली, गरम लागली, किंवा धाप लागली तर ‘प्रवासाचा शीण’ म्हणून बसू नका, त्याच दिवशी दाखवा.

मीनल, पायाच्या धमन्यांचा आजार किंवा मधुमेहाने आलेली बधिरता असेल तर हे मोजे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. बाबांना ‘छान बसले’ म्हणतेस, पण बधिर पायाला रुतलेलं कळतच नाही. झोपेची गोळीही नको, माणूस तासन्‌तास हलत नाही.
– श्रीरंग

---

वसंतकाका, बल्कहेडबद्दल माझं मत वेगळं आहे. समोर भिंत असल्यामुळे पाय सरळ पसरत नाहीत. समोर सीट नाही म्हणून पायाशी बॅगही ठेवता येत नाही, उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी औषधांची पिशवीसुद्धा वर जाते. जेवणाचं टेबल आर्मरेस्टच्या आत असतं, म्हणून तो उचलता येत नाही. गुडघे धरलेल्या माणसाला आडवं सरकून उठायला आर्मरेस्ट वर जाणं फार उपयोगाचं.

साध्या रांगेतल्या कडेच्या सीटचा बाहेरचा आर्मरेस्टही बऱ्याच विमानांत वर जातो. बिजागरीजवळ खालच्या बाजूला बोटाने चाचपलं की छोटं बटण किंवा खटका लागतो. सीटचा नकाशा बघताना एक्झिट रोच्या (आपत्कालीन दाराजवळच्या रांगेच्या) अगदी पुढची आणि शेवटची रांग टाळा, पाठ मागे जात नाही.
– अनघा

---

अनघा, आर्मरेस्टचं मान्य. बटणाची ओळ यादीत क्र. ४ खाली घालतो. बल्कहेडचा उल्लेख काढत नाही, ‘तान्ह्या बाळाचा पाळणा लावणाऱ्यांसाठी’ असं करतो.

मीनल, व्हीलचेअर सांगितली आहेस का? ४८ तास आधी कळवायची असते, म्हणजे फोन आजच. नुसतं ‘व्हीलचेअर’ म्हणू नकोस. जिने चढता येतात का, सीटपर्यंत चालता येतं का, हे स्पष्ट सांग, त्यावरून वेगवेगळी नोंद होते.
– वसंतकाका

---

सगळ्यांचे आभार. सकाळी मोजलं: घोटा २२, पोटरी ४१, उंची ३७. तक्त्यात घोटा ‘एम’, पोटरी बाहेर. रुंद पोटरीचा आखूड जोड मिळाला, दोन तास घालून ठेवलाय, वळ नाही. बाबांच्या पायाला बधिरता आहे, त्यांचे मोजे डॉक्टरांना विचारेपर्यंत बाजूला ठेवलेत. सीट कडेच्या आहेत, साध्या रांगेत. व्हीलचेअर नोंदवली.

एकच राहिलं: बाबांची पॉवर बँक २६,८०० एमएएच आहे. चालेल?
– मीनल

---

२६,८०० गुणिले ३.७ (बॅटरीचे व्होल्ट) भागिले १,००० म्हणजे ९९.१६ वॉट-तास. मर्यादा १०० ची, बसते. फक्त हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये नाही. आणि तिच्यावरचा आकडा पुसट झाला असेल तर तपासणीत काढून घेतात, तेव्हा आजच वाचून बघ.
– श्रीरंग