विषय: व्हीएनआयटी, रायपूर की वारंगा? यादी उद्या पाच वाजता लॉक करायची आहे

प्रेषक: मस्कतमधल्या दारसैतच्या वहिनी (सध्या मुक्काम नागपूर)

सर्वांना सस्नेह नमस्कार.

जोसाच्या (आयआयटी, एनआयटी, ट्रिपलआयटीच्या जागा एकत्र वाटणाऱ्या केंद्रीय व्यवस्थेच्या) पर्यायांची यादी उद्या सायंकाळी पाच वाजता बंद होते आहे आणि आमच्या घरात अजून एकमत नाही, म्हणून इतक्या रात्री लिहिते आहे. लेकीला कॉम्प्युटर सायन्सच करायचे आहे, त्याबद्दल वाद नाही. तिच्या मनात पहिले व्हीएनआयटी, म्हणजे नागपूरचे एनआयटी, आहे, कारण आजी बजाजनगरात राहते आणि कॉलेज पायी जाण्याच्या अंतरावर आहे. आज दुपारी अर्जाची प्रत पुन्हा वाचताना लक्षात आले की तिचे पात्रतेचे राज्य छत्तीसगड असे नोंदले गेले आहे. तिचा पहिला पासपोर्ट यांची नोकरी रायपूरला असताना काढला होता आणि मस्कतला नवा काढतानाही तोच पत्ता कायम राहिला. तीन पिढ्या नागपुरात काढलेल्या घरातली मुलगी व्हीएनआयटीसाठी परराज्यातली कशी ठरते, हे सासूबाईंना मी समजावू शकले नाही.

यांचे म्हणणे असे, की आता रायपूरच्या एनआयटीला सगळ्यांत वर ठेवावे. व्हीएनआयटी पहिले लिहिले आणि ते मिळाले नाही, तर तोपर्यंत रायपूरची आणि नागपूरजवळच्या वारंग्याच्या ट्रिपलआयटीची जागा ज्यांनी ती पहिल्या क्रमांकावर लिहिली त्यांना मिळून जाईल, अशी त्यांना भीती वाटते. अण्णांनी कृपया लिहावे. गणपतीत ते मुलांना हेच समजावत होते, तेव्हा मी प्रसादाच्या गडबडीत होते.

प्रेषक: घुब्राचे काका

वहिनी, काळजी करू नका. तुमच्या यजमानांचे डोमिसाइल महाराष्ट्राचे आहे ना? आमच्या थोरल्याची बारावी मस्कतलाच झाली होती. आम्ही उन्हाळ्यात नागपूरला जाऊन सेतू केंद्रातून माझे डोमिसाइल प्रमाणपत्र काढले, तहसील कार्यालयात चार खेपा घातल्या, आणि त्या एका कागदावर तो ‘टाइप बी’ उमेदवार म्हणून महाराष्ट्राच्या जागांना पात्र ठरला. तुम्ही उद्या सकाळी दहा वाजता तिथे उभ्या राहा. पावती जरी मिळाली तरी ती जोडून ठेवा.

प्रेषक: सचिव

काकांचा अनुभव खरा आहे, परंतु तो राज्याच्या सीईटी कक्षाच्या कॅप फेऱ्यांचा, म्हणजे राज्यातल्या कॉलेजांच्या प्रवेशाचा आहे. रामदेवबाबा किंवा वायसीसीई या नागपूरच्या कॉलेजांसाठी वहिनींना तो उपयोगी पडेल. एनआयटीच्या जागा जोसातून भरल्या जातात आणि तिथे आईवडिलांचे डोमिसाइल पाहिले जात नाही. विद्यार्थी बारावी ज्या राज्यातून उत्तीर्ण झाला ते त्याचे राज्य, आणि भारतीय विद्यार्थ्याची बारावी परदेशात झाली असेल, तर पासपोर्टवर भारतातला जो कायमचा पत्ता आहे तो ज्या राज्यातला, ते त्याचे राज्य. प्रत्येक एनआयटीत निम्म्या जागा त्या राज्याच्या आणि निम्म्या इतर राज्यांच्या विद्यार्थ्यांसाठी असतात. म्हणजे लेक रायपूरसाठी घरची आणि व्हीएनआयटीसाठी बाहेरची, हे नियमाला धरूनच आहे. वारंग्याच्या ट्रिपलआयटीत असा राज्याचा भेद नाही.

फेब्रुवारीच्या बैठकीत आपल्या मंडळाच्या शिक्षण समितीने हा नियम वाचून दाखवला होता. प्रवेशाच्या नियमांविषयी इथे उत्तर देण्यापूर्वी सभासदांनी समितीला एकदा विचारावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण चुकीच्या सल्ल्याने एखाद्या मुलाचे वर्ष जाऊ शकते.

प्रेषक: सोहारची ताई

फेब्रुवारीची ती बैठक शुक्रवारी दुपारी ठेवली होती. सोहारहून दोनशे किलोमीटर येणाऱ्यांना ती वेळ गाठता येत नाही, हे मी तेव्हाही लिहिले होते. ज्यांना ऐकता आले नाही, ते इथेच विचारणार.

वहिनी, तहसील कार्यालयात जाऊ नका आणि पासपोर्टवरचा पत्ता बदलण्याचा विचारही मनात आणू नका. आमच्या पुतण्याच्या वेळी अर्जातले राज्य आणि पासपोर्टवरचे राज्य जुळले नाही. जागा मिळाल्यानंतर कागदपत्रांच्या तपासणीत विचारणा आली आणि पुढचे तीन दिवस घरात कुणाला झोप नव्हती. तुमच्या अर्जात छत्तीसगड आणि पासपोर्टवरही छत्तीसगड आहे. ते जुळते आहे, ही मोठी गोष्ट समजा.

अकरावी आणि बारावी दोन्ही मस्कतला झाल्या आहेत, तेव्हा डासाचा (परदेशात शिकलेल्यांसाठीच्या जागांचा) अर्जही केला असेलच. नसेल तर त्याची मुदत आजच पाहा. आखाती देशांत नोकरी करणाऱ्यांच्या मुलांसाठी त्यात वेगळा गट आहे आणि त्यांचे शुल्क डासाच्या इतर विद्यार्थ्यांपेक्षा पुष्कळ कमी असते. तिथे जेईई मेनचीच रँक चालते आणि हा होम स्टेटचा प्रश्न मुळात येत नाही.

प्रेषक: अण्णा (नागपूर)

वहिनी, पासपोर्टविषयी ताईंनी लिहिले ते योग्य आहे, त्यात मी भर घालत नाही. तुमच्या यजमानांची भीती मात्र मी गेली कित्येक वर्षे घरोघरी ऐकतो आहे आणि तिच्यापायी चांगल्या रँकची मुले स्वतःच्या हाताने खालची जागा घेताना पाहिली आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पर्याय कोणत्या क्रमांकावर लिहिला, यावर त्या जागेसाठीची पात्रता ठरत नाही. ती फक्त रँकवर ठरते. समजा यादीत व्हीएनआयटी पहिले आणि रायपूर दुसरे आहे. लेकीचे नाव आधी व्हीएनआयटीच्या रांगेत लागेल. तिथल्या जागा तिच्याहून वरच्या रँकच्या विद्यार्थ्यांनी भरल्या, तर तिचे नाव रायपूरच्या रांगेत जाईल, आणि तिथे ती उशिरा आली म्हणून तिला शेवटी उभे करत नाहीत. तिच्याहून खालच्या रँकच्या कुणाला ती जागा तात्पुरती दिलेली असेल, तर तो उठतो आणि ती बसते, मग त्याने रायपूर पहिल्या क्रमांकावर लिहिलेले का असेना. ही पद्धत डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन गणितज्ञांनी १९६२ साली मांडली, आणि शॅप्ली यांना त्याच विषयातील कामासाठी २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. या पद्धतीत आपली खरी आवड लपवून काहीही पदरात पडत नाही. नुकसान मात्र होऊ शकते, कारण रायपूर वर लिहिले आणि ते मिळाले, तर त्याच्या खाली लिहिलेल्या व्हीएनआयटीचा विचारच होणार नाही.

जागा मिळाल्यावर शुल्क भरून फ्लोट निवडावे. हातची जागा राहते आणि पुढच्या फेरीत वरचा पर्याय मिळाला तर खालची जागा आपोआप सुटते. ती परत मागता येत नाही, म्हणून मनापासून नको असलेले काहीही वर लिहू नये. स्लाइड म्हणजे त्याच संस्थेत वरची शाखा, आणि फ्रीज म्हणजे आता थांबलो.

मागच्या वर्षीच्या क्लोजिंग रँक (शेवटची जागा ज्या रँकला मिळाली ती) पाहताना योग्य ओळ पाहा. तुम्हाला व्हीएनआयटीची ‘अदर स्टेट’ ही ओळ हवी आहे. मुलींसाठी २०१८ पासून एनआयटीत अतिरिक्त जागा आहेत आणि त्यांची ओळ वेगळी छापलेली असते. सर्वसाधारण ओळ पाहून धीर सोडलेली दोन घरे मला ठाऊक आहेत.

आता संस्थांविषयी. व्हीएनआयटी १९६० ची. आम्ही जुने लोक अजून तिला व्हीआरसीईच म्हणतो. गणितापासून यंत्र अभियांत्रिकीपर्यंतचे विभाग एका आवारात असल्यामुळे कॉम्प्युटरच्या मुलीला दुसऱ्या विभागात जाऊन एखादा प्रकल्प करता येतो, आणि माजी विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या जगभर आहेत. वारंग्याची ट्रिपलआयटी २०१६ ची आहे. सुरुवातीची वर्षे तिला व्हीएनआयटीचेच मार्गदर्शन होते. ती शहराबाहेर बुटीबोरीच्या बाजूला, सूतगिरणीच्या मागे आहे, तेव्हा आजीकडून रोज ये-जा करण्याचा विचार सोडा, वसतिगृहातच राहावे लागेल. आसपासची सारी मुले कॉम्प्युटर किंवा इलेक्ट्रॉनिक्सचीच असतात, आणि ज्या मुलीला रात्री जेवतानाही प्रोग्रामविषयीच बोलायचे असते तिला ते वातावरण मानवते. रायपूरचे कॉलेज १९५६ पासूनचे असून २००५ मध्ये एनआयटी झाले. त्याला दूरचे म्हणून नाकारू नये, वंदे भारत तिथे थांबते.

पॅकेजच्या जाहिरातींवर जाऊ नका. सर्वांत मोठा आकडा एका मुलाचा असतो. एनआयआरएफसाठी (केंद्र सरकारच्या संस्थांच्या क्रमवारीसाठी) भरलेली माहिती संस्थांच्या संकेतस्थळांवर असते, तिच्यात किती मुले वेळेत पदवीधर झाली, किती नोकरीला लागली, किती पुढे शिकायला गेली आणि पगाराचा मध्यांक किती, हे सारे दिलेले असते. मात्र तो मध्यांक सर्व शाखांचा मिळून असतो, हे ध्यानात ठेवा.

प्रेषक: घुब्राचे काका

अण्णा, पुष्कळ गोष्टी आज कळल्या. डोमिसाइलबाबत मी चुकीचे सांगितले, सचिवांचे म्हणणे मान्य आहे.

पण एक प्रश्न उरतो. व्हीएनआयटीत कॉम्प्युटर मिळाले नाही आणि इलेक्ट्रॉनिक्स मिळत असेल, तर ते वारंग्याच्या कॉम्प्युटरच्या वर लिहावे की खाली? माझ्या मते वर लिहावे. संस्थेचे नाव आयुष्यभर सोबत राहते, आणि प्रोग्रामिंग काय, मुले बाहेरही शिकतात. शिवाय पहिल्या वर्षानंतर शाखा बदलता येते.

प्रेषक: सोहारची ताई

काका, शाखा बदलण्याच्या भरवशावर प्रवेश घेऊ नये. त्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतात आणि वर्गात पहिल्या आलेल्यांनाच मिळतात. माझ्या धाकट्या भावाने याच आशेवर एक वर्ष जिवाचे रान केले, जागा मिळाली नाही, आणि पुढची तीन वर्षे त्याने नको असलेल्या विषयात काढली. त्याची कॉलेजविषयी कधी तक्रार नव्हती. विषयावर त्याचे मन नव्हते, एवढेच.

प्रेषक: अण्णा (नागपूर)

हा प्रश्न लेकीलाच विचारावा. तिसऱ्या सत्रात एका बाजूला सर्किट आणि सिग्नल आहेत, दुसऱ्या बाजूला डेटा स्ट्रक्चर आणि डिस्क्रीट गणित. दोन्ही अभ्यासक्रम आज रात्री तिच्यासमोर ठेवा आणि कोणते पुस्तक उघडावेसे वाटते ते पाहा. ऑपरेटिंग सिस्टीम आणि कंपायलर हे विषय चांगल्या शिक्षकाकडून, प्रयोगशाळेत बसून शिकण्याचे आहेत. ते बाहेर शिकून होतात, हे काकांचे मत मला पटत नाही.

कॅपमधून रामदेवबाबा किंवा वायसीसीई घेण्याची वेळ आली, तर तिथे चौकशी वेगळी करावी लागेल. एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने) २०२४ पासून चांगल्या संस्थांच्या प्रवेशक्षमतेवरची मर्यादा काढली आहे, त्यामुळे कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढू शकतात. किती तुकड्या आहेत, आणि त्या वाढल्या असतील तर कायमचे शिक्षक किती वाढले, हे प्रत्यक्ष जाऊन विचारा. मी दोन्हीकडे तुमच्याबरोबर येईन. कॅपची एक गोष्ट मात्र वेगळी आहे. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला, तर तो घ्यावाच लागतो, पुढच्या फेरीत जाता येत नाही. यजमानांच्या मनातली भीती बहुधा तिथूनच आली असावी.

प्रेषक: सचिव

अण्णांची दोन्ही पत्रे समितीच्या संग्रहात ठेवतो आहे. ताईंची सूचना रास्त आहे, यापुढील बैठक शनिवारी सायंकाळी घेऊ आणि सोहारच्या सभासदांना ती घरून ऐकता येईल अशी व्यवस्था करू.

प्रेषक: दारसैतच्या वहिनी

यादी दुपारी साडेतीन वाजता लॉक केली. पहिले व्हीएनआयटीचे कॉम्प्युटर, दुसरे रायपूरचे कॉम्प्युटर, तिसरे वारंग्याचे कॉम्प्युटर, आणि चौथे व्हीएनआयटीचे इलेक्ट्रॉनिक्स. शेवटच्या दोहोंचा क्रम लेकीने स्वतः ठरवला. अण्णांनी सांगितल्याप्रमाणे तिच्यासमोर दोन्ही अभ्यासक्रम ठेवले होते, आणि डिस्क्रीट गणिताची पहिली दोन प्रकरणे तिने मध्यरात्रीपर्यंत वाचून काढली. रायपूर वारंग्याच्या वर ठेवण्याचा आग्रह यांचा होता. वसतिगृहात राहायचेच असेल तर जुनी संस्था घ्यावी, हे त्यांचे म्हणणे तिलाही पटले.

डासाचा अर्ज यांनी वेळेत भरला होता, पावती सापडली. बारावीची गुणपत्रिका आणि पासपोर्टची शेवटची पाने स्कॅन करून ठेवली आहेत. अण्णा, रविवारी सकाळी तुम्हाला सवड असेल तर घरी या. सासूबाईंना पासपोर्टचा नियम तुमच्याकडूनच समजून घ्यायचा आहे.