मदत हवी आहे: आप्पांच्या शेवटच्या विधीचा खर्च आणि जागा (सोलापूर), जरा लवकर सांगा

होटगी_रोड:
नमस्कार. आप्पा म्हणायलेत, माझं सगळं आत्ताच ठरवून टाक, पैसे मी देतो, मागं तुम्हा भावांत हिशेबाची कटकट नको. सोलापुरात एकूण किती लागतात? जागा आधी धरून ठेवता येते का? रविवारी अण्णा पुण्याहून येतोय, त्याच्यापुढे आकडा ठेवायचाय. नेटवर सगळं मुंबईचं नाहीतर अमेरिकेचं येतंय.

बाळीवेस:
भावपूर्ण श्रद्धांजली.

होटगी_रोड:
अहो, आप्पा आहेत की! बाहेर पेपर वाचत बसलेत.

सातरस्ता:
जागा कशाला धरायची? मोदी नाहीतर रूपाभवानीच्या स्मशानात न्यायचं, लाकडाचा काय तो खर्च. एवढ्यासाठी धागा?

होटगी_रोड:
लाकूड कुठून आलं मध्येच? आमच्यात पुरतात. लिंगायत.

सातरस्ता:
मग हे आधी लिहायचं की ओ.

रुद्रभूमी_वाला:
आमच्या अव्वाचं नुकतंच रुद्रभूमीत, म्हणजे लिंगायतांच्या दफनभूमीत केलं. जागेला काही पडलं नाही, पण आधी धरूनही ठेवू देत नाहीत. ज्या दिवशी लागेल त्या दिवशी मिळेल ती. पैसा जातो खड्ड्याला. देह बसवून ठेवायचा म्हणजे खोल लागतो, आत कोनाडा कोरायला जाणता माणूस लागतो. पावसाळ्यात काळी माती ढासळते, मग दर तोंडाला येईल तो. विभूती, मीठ, बेल, फुलं, विमानाची (देह बसवून नेतात त्या पालखीची) सजावट, भजनी मंडळ, विधी करणाऱ्या मठपतींची दक्षिणा, सगळं धरून आमचं २५ हजारांच्या आत बसलं. गणाराधनेच्या, म्हणजे नंतर घालतात त्या जेवणाला मात्र त्याच्या चौपट गेले. तेव्हा ‘एकूण’ म्हणजे कुठपर्यंत, ते आप्पांना विचारा.

विवेकी_माणूस:
एवढा खर्च मातीत घालण्यापेक्षा देहदान करा. डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालय सोलापुरातच आहे. आप्पांच्या हयातीतच अर्ज भरून टाका.

बाळीवेस:
त्यांनी विचारलंय का ते? हातात इष्टलिंग (गळ्यातलं शिवलिंग) घेऊन लिंगैक्य व्हायचं, शिवात मिळायचं म्हणणाऱ्या माणसाला तुम्ही टेबलावर झोपवायलाय.

विवेकी_माणूस:
पर्याय सांगितला. शिवाय नेत्रदान केलं तर पुरताही येतं. फक्त सहा तासांच्या आत डोळे काढून घ्यावे लागतात, म्हणून लगेच कळवायचं, जितकं लवकर तितकं बरं.

कोर्टाची_पायरी:
एक सांगतो. हे मृत्युपत्रात लिहू नका. मृत्युपत्र उघडेपर्यंत सगळं उरकलेलं असतं, आणि त्यातली अंत्यविधीची इच्छा वारसांना कायद्याने बांधीलही नसते. वेगळ्या कागदावर लिहा, सह्या घ्या, तिन्ही-चारही घरांत एकेक प्रत द्या. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची. घरी गेले तर डॉक्टरांकडून ४अ नमुन्यातला मृत्यूच्या कारणाचा दाखला घ्यायला विसरू नका.

नवी_पेठ:
आणि मृत्यूच्या दाखल्यावर नाव आधार कार्डासारखंच हवं. माझ्या सासऱ्यांचं आडनाव एका अक्षराने चुकलं, बँकेने दमवलं. खात्यांना नॉमिनीचं नाव लावलंय का बघा आधी.

जुळे_सोलापूरकर:
मूळ मुद्दा राहिला. गावाकडे शेत आहे का? असेल तर शहरात कशाला?

होटगी_रोड:
आहे, अक्कलकोट तालुक्यात. आप्पांना तिथेच जायचंय, आज्जाच्या शेजारी.

रुद्रभूमी_वाला:
अरे देवा. मग शहरातला खर्च कशाला विचारायलाय?

होटगी_रोड:
कारण शेत आता अण्णाच्या नावावर आहे. तो विकायचं म्हणायलाय. आप्पांना अजून माहीत नाही.

कोर्टाची_पायरी:
हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं. विकलं की नवा मालक दिवा लावायलाही येऊ देईल याची खात्री नाही. विकायचंच असेल तर समाधीचा तुकडा आणि तिथवरची वाट खरेदीखतातून वगळून मोजून घ्या. ग्रामपंचायतीलाही आधी विचारा. आणि सोलापुरात गेले, गावी पुरलं, तरी नोंद सोलापुरातच होणार. जिथे मृत्यू तिथे नोंद.

जुळे_सोलापूरकर:
आमच्यात वाटणी झाली आणि आज्जा धाकट्या चुलत्याच्या हिश्श्यात गेले. आता अमावस्येला नारळ फोडायला काकूला विचारून जावं लागतं. तरीपण शेतच बरं.

रुद्रभूमी_वाला:
हे सांगून वर ‘शेतच बरं’? रुद्रभूमीत निदान कुणाची काकू आडवी येत नाही.

नवी_पेठ:
गणाराधनेला हुग्गी (गव्हाची खीर) करणार का बुंदी?

बाळीवेस:
हुग्गीच. बुंदी लग्नात.

होटगी_रोड:
आप्पांना जेवणच नकोय. ते पैसे त्यांच्या जुन्या वसतिगृहातल्या पोरांना द्या म्हणतात. त्यावर अव्वा दोन दिवस बोलत नाहीये त्यांच्याशी.

बाळीवेस:
अव्वांचं बरोबर आहे. लोक काय म्हणतील?

होटगी_रोड:
आकडा मिळाला, आभार. रविवारी आधी शेताचंच काढतो, खर्चाचं नंतर. खड्डा खोदणाऱ्याचा नंबर व्यनि (खासगी निरोप) करा, रुद्रभूमीत जायची वेळ आलीच तर असावा.

रुद्रभूमी_वाला:
केला. दुपारी झोपतो तो, संध्याकाळी लावा. आणि आप्पांना शेताचं तुम्हीच सांगा, अण्णाच्या तोंडून कळायच्या आत.