सल्ला हवा: पोटॅशियम ५.६ आणि चतुर्थीचा उपास

कोथरूड_डेपो
वडील, वय ६६, वजन ६० किलो, मधुमेह जुना, किडनी थकलेली. क्रिएटिनिन ३.१, ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचा अंदाज) २१, कालच्या रिपोर्टात पोटॅशियम ५.६, म्हणजे वाढलेलं. डायलिसिस सुरू नाही. रिपोर्ट डॉक्टरांना दाखवला, पथ्य पाळून आठवड्याने रक्त पुन्हा तपासायला सांगितलंय. आहारतज्ज्ञांची वेळ पुढच्या गुरुवारची, चतुर्थी त्याआधी. उपास सोडायला ते तयार नाहीत. तोवर स्वयंपाकघरात काय बदलू? 'लो सोडियम' मीठ आणून ठेवलंय, ते चालेल ना?

तुळशीबाग_मागे
ते मीठ आजच बाजूला काढा. त्यात सोडियम कमी करून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं, म्हणजे जे टाळायचं तेच चिमटीचिमटीने पोटात जातं. सैंधवाचंही ऐका: ते उपासाला चालतं म्हणून किडनीला चालतं असं नाही, बहुतांश सोडियम क्लोराइडच आहे. साधं मीठच वापरा, दिवसाचं ५ ग्रॅम, म्हणजे सपाट भरलेला एक छोटा चमचा. सकाळीच एका डबीत काढून ठेवा, त्यांची भाजी-आमटी अळणी शिजवा आणि ताटात त्या डबीतलंच वाढा. कणकेतलं मीठ बंद. पापड, लोणचं, फरसाण, बाकरवडी या हिशोबात बसत नाहीत. पापडखारातही सोडियम असतं, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

पेशवेपार्क
उपासाबद्दल सविस्तर लिहिते, कारण घोळ तिथेच होतो. साबुदाण्यात पोटॅशियम अगदी थोडं. चढतं ते त्याच्यासोबत येणाऱ्या बटाटा, दाण्याचं कूट, रताळं, राजगिरा, केळं, खजूर आणि शहाळ्यामुळे.

बटाटा असा करा. साल काढून किसा किंवा पातळ काचऱ्या करा. उघड्या पातेल्यात बटाट्याच्या दहापट पाणी उकळून त्यात टाका, मऊ होईपर्यंत शिजवा, चाळणीत ओता आणि पाणी फेकून द्या. साधारण निम्मं पोटॅशियम त्या पाण्यातून जातं, किसलेल्यातून त्याहून जास्त. सालासकट अख्खा बटाटा कुकरला लावला तर जवळजवळ सगळं आतच राहतं. नुसतं भिजत घालून फारसं साधत नाही, आणि वाफवलं किंवा परतलं तर पोटॅशियमला बाहेर पडायला वाटच नसते.

एका माणसाची खिचडी: अर्धी वाटी साबुदाणा, असा उकळलेला दोन चमचे बटाटा, कूट दोन छोटे चमचे. जिरं, मिरची, वरून लिंबाचे चार थेंब. मधुमेहात साबुदाणा साखर पटकन चढवतो, म्हणून एका वेळी एवढीच. दुसऱ्या वेळी वरीचा भात आणि काकडी, पण शेंगदाण्याची आमटी नको.

रोजच्या पालेभाज्यांनाही हीच रीत: चिरून, उकळून, पाणी टाकून. ते पाणी 'पौष्टिक' म्हणून रश्शात घातलं की केलेलं सगळं वाया. मंडईतून दुधी, दोडका, पडवळ, कोबी बिनधास्त आणा. फळांत सफरचंद किंवा पेअर, दिवसातून एक लहान. भेटायला येणारे शहाळी आणि मोसंबी घेऊन येतात, त्यांना आधीच फोनवर सांगा. एका शहाळ्यात ५०० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं. कमरख (स्टार फ्रूट) मात्र एक फोडही नाही. ते या आजारात मेंदूवर विषारी परिणाम करतं.

मुठाकाठ
रिपोर्टाविषयी. रक्त काढताना दंडाला पट्टा फार वेळ आवळलेला असेल, मूठ सारखी उघडझाप केली असेल किंवा नमुना तासन् तास पडून राहिला असेल, तर पेशींतलं पोटॅशियम बाहेर येऊन आकडा फुगतो. पुढची तपासणी घरी नमुना देऊन करू नका, लॅबमध्ये जा. टेल्मिसार्टनसारखी रक्तदाबाची गोळी किंवा स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर डॉक्टरांना आठवण करा, कारण या गोळ्यांनी पोटॅशियम वाढू शकतं, पण गोळी आपल्या मनाने बंद करू नका. बद्धकोष्ठता असेल तर तीही सांगा. किडनी थकली की पोटॅशियमचा बराच भाग आतड्यावाटे जातो. आणि गुडघेदुखीवर डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन नको.

आकडा ६ च्या पुढे गेला, किंवा हातापायांत एकाएकी अशक्तपणा, छातीत धडधड झाली, तर गुरुवारची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.

कोथरूड_डेपो
मीठ काढलं. उपासाच्या दिवशी कधी साखर ६५ वर येते, तेव्हा मोसंबीचा रस देतो. मग काय द्यायचं?

पेशवेपार्क
रस नको, गूळही नको. तीन छोटे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर, म्हणजे १५ ग्रॅम, अर्ध्या पेल्या पाण्यात. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, ७० च्या खाली असेल तर तेवढंच परत द्या. साखर वर आली की लगेच ती अर्धी वाटी खिचडी.

पण ६५ वर येतेय हेच आधी डॉक्टरांच्या कानावर घाला. किडनी मंदावली की इन्सुलिन आणि मधुमेहाच्या काही गोळ्या शरीरात जास्त वेळ टिकतात, आणि रिकाम्या पोटी साखर खाली ओढतात. चतुर्थीच्या दिवशी कोणती गोळी किती घ्यायची, हे त्यांच्याकडून आदल्या दिवशीच कागदावर लिहून घ्या.