पेरू : आईला घेऊन कुस्को-माचू पिच्चू, स्वतःच आखून. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

येत्या मे महिन्यात आई आणि मी पेरूला जायचं म्हणतोय. आई 66 वर्षांची. रोज टेकडी चढते, पण बीपीची गोळी सुरू आहे. पक्की शाकाहारी, त्यात एकादशी-चतुर्थीही सोडत नाही. टूरवाल्यांबरोबर जायचं नाही. एका कार्यक्रमपत्रिकेत लिमाला उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी कुस्को आणि तिसऱ्या दिवशी पहाटे माचू पिच्चू (इंका राजांचा डोंगरावरचा जुना गड) होतं, वाचूनच मला धाप लागली.

कच्चा बेत असा : आधी न्यू जर्सीला भावाकडे, मग लिमा, कुस्को, माचू पिच्चू आणि तिथून परस्पर मुंबई. दोघींकडे अमेरिकेचा व्हिसा आहे आणि त्याची मुदत सहा महिन्यांहून जास्त आहे, त्यामुळे पेरूचा वेगळा लागणार नाही. तो प्रश्न मिटला.

अडलंय ते उंचीपाशी. लिमा समुद्रकाठी, कुस्को 3,400 मीटरवर. विमानाने दीड तासात तिथे पोचण्यापेक्षा बसने गेलं तर अंगाला सवय होईल का? पीतज्वराच्या (यलो फीव्हर) लशीचं काय? आणि उपासाला आईने खायचं काय?

---

रानवारा

बस नकोच. वीस तासांच्या वर लागतात आणि वाटेत 4,000 मीटरच्या वरच्या खिंडी आहेत. काकूंना सवय व्हायची राहील बाजूला, रात्रभर डोकं धरून बसाल.

विमानाने कुस्कोला उतरा, पण गावात थांबू नका. तडक टॅक्सीने ओयांताइताम्बोला जा, दोनेक तास. ते 2,800 मीटरवर आहे. दोन-तीन रात्री तिथे काढा. दगडी गल्ल्यांतून अजून इंकांच्या वेळच्या पाटांतलं पाणी खळाळतं, गाव बघण्यासारखं आहे. मग तिथूनच रेल्वेने माचू पिच्चूच्या पायथ्याच्या आग्वास कालिएंतेस गावाला जा आणि पुढे बसने वर. माचू पिच्चू 2,430 मीटरवर, म्हणजे कुस्कोपेक्षा जवळजवळ किलोमीटरभर खाली! कुस्को शेवटी ठेवा, तोवर अंग सरावलेलं असेल. (आम्ही परतताना कुस्कोच्या पावितोस गल्लीपर्यंत कलेक्टिवोने, म्हणजे शेअर व्हॅनने आलो. टॅक्सीपेक्षा कितीतरी स्वस्त, पण काकूंना पुढची सीट मागून घ्या.)

माचू पिच्चूचं तिकीट आता ठरलेल्या मार्गाचं आणि वेळेचं मिळतं. काकूंसाठी तिसरा, खालचा मार्ग बरा, पायऱ्या कमी. गडाचं ते प्रसिद्ध दृश्य वरून दिसतं, ते मात्र त्यात मिळणार नाही. हवं असेल तर तुम्ही एकट्या पहिल्या मार्गाचं काढा. सरकारी संकेतस्थळावरून लवकर घ्या आणि पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं टाका. आत स्वच्छतागृह नाही, दाराबाहेरच उरकून घ्या. इंद्रधनुषी डोंगराची जाहिरात गल्लोगल्ली दिसेल. तो 5,000 मीटरच्या वर आहे, तिकडे फिरकू नका.

---

काढा_आणि_गोळी

मी डॉक्टर आहे, पण काकूंची नाही, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांना विचाराच. उंचीचा त्रास होऊ नये म्हणून डायमॉक्सची गोळी देतात. सल्फाची ॲलर्जी आहे का आणि बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे का, हे आधी सांगा.

लशीचं नीट वाचा. पेरूहून निघून 6 दिवसांच्या आत भारतात उतरलात तर पीतज्वराचा दाखला मागतात; नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. तुम्ही जाताय त्या भागापुरती तशी लशीची शिफारस नाही, आणि साठीनंतर ती पहिल्यांदा घेण्यात धोका थोडा वाढतो. मग बेतच उलटा का करत नाही? आधी पेरू, मग भावाकडे मुक्काम. 6 दिवस आपोआप उलटून जातील. जाताना अमेरिकेत विमान बदला, म्हणजे झालं.

---

चटणीभाकरी

उपासाची काळजी तर अजिबात नको, उपासाचं अर्धं ताट तिकडूनच आलंय. बटाट्याचं मूळ घर तेच, शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचाच, आणि राजगिऱ्याचा भाऊबंद किविचा नावाने बाजारात मिळतो, लाह्यांच्या वड्यासुद्धा! काकू खूश.

खरी पंचाईत एरवीच्या जेवणाची. मांस नको म्हटलं की चिकन घालून आणतात. "सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो" असं तिन्ही सांगा. किनोआचं सूप दिसायला सोवळं, पण बहुतेक वेळा कोंबडीच्या पाण्यात शिजवलेलं असतं. रस्त्यावर मोठ्या दाण्याचं उकडलेलं कणीस आणि चीज मिळतं, ते बिनधास्त खा. चिनी धाटणीच्या खाणावळींत, म्हणजे चिफांमध्ये, भाज्यांचा भात करून देतात, अंडं चालत नसेल तर तेही नको म्हणा. कोकाच्या पानांचा चहा तिथेच प्या, पिशव्या मात्र बॅगेत टाकू नका. अमेरिकेत आणि भारतातही ते बेकायदा आहे.

---

मूळ धागाकर्ती

बेत उलटा करण्याचं डोक्यातच आलं नव्हतं! भावाला फोन केला, तो तयार आहे. आई आत्तापासून किविच्याच्या वड्यांची चौकशी करतेय. आता एकच : मे महिन्यात थंडी कितपत? स्वेटरवर भागेल का?

---

रानवारा

दिवसा ऊन चटका देतं, रात्री कुस्कोला पारा शून्याच्या आसपास उतरतो. साध्या हॉटेलांत हीटर नसतो, बुकिंग करताना विचारून घ्या. काकूंना थर्मल आणि कानटोपी हवीच. स्वेटर तिथेच घ्या, अल्पाकाचे मिळतात. आणि 24 जूनच्या इंती रायमीच्या (इंकांचा सूर्योत्सव) आधी उरका, नंतर कुस्कोत खोल्यांचे भाव विचारू नका.